दोन नऊ

डॉलगेलायच्या मेंढीबाजारात
इडवल पॅरी लिलाव पुकारतो, मी शेजारी बसून आकडे लिहिते.
एकोणीस वर्षं. त्याचा श्वास कुठे मोडतो
हे माझ्याआधी माझ्या पेनाला कळतं.

त्या ऑक्टोबरात सकाळचे कळप खणखणीत विकले गेले,
दुपारनंतर आकडे नाकातून यायला लागले.
मग डावी पापणी उतरली.
"ढोसून आलाय," मागच्या बाकावरून कुणीतरी.
तो तेव्हा चहासुद्धा पीत नव्हता.
घोट नाकावाटे परत यायचा, हे फक्त मला माहीत.
रात्रभर झोपला की सकाळी पुन्हा धडधाकट,
म्हणून तर कुणाला पटेना.

बँगोरच्या डॉक्टर एफिओंगबाईंनी
हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर धरला, दोन मिनिटं.
काढला, तर डोळा उघडा!
"नस बोली लावते," त्या म्हणाल्या,
"पण स्नायूच्या कानात तुमच्याच रक्तानं बोळे कोंबलेत.
पहिल्या हाका पोचतात. नंतरच्या विरतात."
इडवल हसला. ओठांचे कोपरे वर गेलेच नाहीत,
दात तेवढे दिसले.

दर चार तासांनी गोळी. तिच्यासाठी वहीत रकाना आखला,
मेंढ्यांच्या रकान्याला लागून.

फेब्रुवारीत छातीत कफ झाला,
आणि तिसऱ्या रात्री तो मान हातात धरून बसलेला.
धाप नव्हती. तेच वाईट.
धापा टाकायलाही बळ लागतं.
"एका श्वासात मोज," मी म्हटलं, बाईंनी शिकवलं होतं तसं.
आमच्या जुन्या वेल्शमध्ये अठराला 'दोन नऊ' म्हणतात.
नाताळात तो दोन नऊच्याही पुढे जायचा.
आता एकाच नऊवर थांबला.
मी आकडा लिहिला, सवयीनं,
आणि फोन उचलला.

अकरा दिवस घशात नळी.
शेजारचं यंत्र रक्तातलं पिवळं पाणी काढून घ्यायचं,
दुसरं भरायचं.
डोळे मिटलेले, पण नर्सेस आपसांत काय काय बोलल्या
ते त्यानं नंतर मला शब्दन् शब्द सांगितलं.

जूनमध्ये छाती उघडून थायमस ग्रंथी काढली.
"सुटलास," मी म्हटलं.
"उधारीवर," तो म्हणाला.

आता सकाळचे सहा कळप त्याचे, उरलेले माझे.
मी पुकारते, तो लिहितो.
चारच्या सुमाराला त्याचं अक्षर रेघेखाली उतरतं.
काल एका म्हाताऱ्या मेंढीची बोली अडली.
"दोन नऊ," मी ओरडले, "दोन नऊ, आणखी कोण?"
इडवलनं बोटानं डावी पापणी उचलून धरली
आणि मागच्या बाकांकडे पाहिलं:
हात कुणाचा वर आहे.