ओझ्याचा तक्ता

फहाहीलला, चौथ्या मजल्यावर,
दर गुरुवारी रात्री आमचं टेबल.

माझं पुस्तक चारशे सोळा पानांचं.
भिंतीवरून पडलात तर किती फुटांना किती फासे,
चिलखत ओलं असेल तर वजा दोन,
भीतीलाही तक्ता, तीन स्तंभांचा.
दिवसभर रिफायनरीत मी परमिटं तपासतो,
शिडीला लेबल नसेल तर माणूस खाली उतरवतो.
नियम म्हणजे
आधी कुणीतरी पडून गेल्याची आठवण.

शमशाद परकारचा खेळ एका कागदावर,
तोही पाठकोरा, मागे बिर्याणीचं बिल.
मोठा आकडा पडला तर तू सांग,
लहान पडला तर मी सांगतो. संपले नियम.
"तू पान शोधेपर्यंत
तुझा ड्रॅगन म्हातारा होतो रे."
खरं होतं. त्याच्याकडे एका रात्रीत तीन राज्यं बुडायची
आणि चहा अजून गरम असायचा.

पण त्याच खेळात ब्लेसी गप्प.
बारा तासांची ड्यूटी करून आलेली नर्स,
"तुला वाटेल ते कर" म्हटलं की
टेबलक्लॉथची नक्षी बघत राहायची.
माझ्या पुस्तकात तिला जागा होती:
जखम बांधणे, ओळ पाचवी. सतरा पडले
की माणूस उठून बसायचाच.
"वॉर्डात असं होत नाही," म्हणाली एकदा, हसत.

परकारने एक नियम कधीच पाळला नाही.
पान दोनशे अकरा, कोण किती वाहू शकतो.
दोर, मशाली, मेलेल्या मित्राची ढाल...
"लिही रे, झोळी मोठी आहे."

मग कंपनीच्या यादीत त्याचं नाव आलं.
चौदा वर्षं. तीस किलो.
शेवटच्या गुरुवारी फरशीवर उघडी बॅग,
आईचं ब्लँकेट, पोरीचे बूट, खजुरांचे डबे.
"काढ तुझं पान," तो म्हणाला. "वाच."
मी वाचलं. जास्त वाहणाऱ्याची चाल निम्मी,
आणि त्याला धावता येत नाही.
बॅग काट्याला लटकवली,
मी खालून गुडघ्याचा टेकू दिला.
एकोणतीस पॉइंट आठ.
ब्लेसीने आकडा पाहिला. माझा गुडघाही.

विमानतळावरचा काटा
आमच्या टेबलावर कधी बसला नव्हता.
चार किलो जादा.
परकारने डबे काढून माझ्या हातात दिले,
"लिही, झोळी..." म्हणाला,
पुढचं घोषणेत बुडालं.

खजूर पुरले दोन महिने.
पान दोनशे अकरा आता
दोनशे दहाला चिकटलंय.