खिशाची खोली

मेलमध्ये दोनच शब्द होते : बिझनेस कॅज्युअल.
सोमवारपासून. मिहान, तिसरा मजला.

एकोणीस वर्षं इतवारीच्या पतसंस्थेत
मी साडी नेसून व्याज मोजलं.
साडीला कुणी विचारलं नाही
तू कोणत्या प्रकारात मोडतेस.
फार तर मॅनेजर म्हणायचे, आज काय विशेष.

एचआरच्या शलाकाला फोन केला.
प्रोफेशनल, मॅम, पण रिलॅक्स्ड.
म्हणजे जीन्स नाही. म्हणजे शुक्रवारी चालते, गडद असेल तर.
कुर्ती चालते, फार एथनिक नको.
फार म्हणजे किती,
हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.
मी म्हटलं, ठीक आहे बेटा,
आणि जीभ चावली.

कपाट उघडून बसले.
नवऱ्याच्या खणात पाच पँटी, सात शर्ट,
एक पट्टा, ज्याला त्याने खिळ्याने जास्तीचं भोक पाडलंय.
तो न बघता हात घालतो आणि ऑफिसला जातो.
माझ्या खणात लग्नांतल्या,
वास्तुशांत्यांच्या,
बहिणीने रंग आवडला नाही म्हणून दिलेल्या,
आणि एकही अशी नाही
जी फक्त कामाला जाते.

सीताबर्डीवर एक ब्लेझर घालून पाहिला.
आरशात विमा विकणारी बाई उभी.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की आता पॉलिसी गळ्यात मारते की काय.
पारा सेहेचाळीस.
दुकानातलं पोरगं म्हणे, घ्या ना ताई,
एसी राहते ना तुमच्या हापिसात.

तेच तर.
खापरी स्टेशनपासून गेटपर्यंत सेहेचाळीस,
गेटच्या आत वीस.
मधल्या काचेच्या दारात
कोणतं कापड घालून उभं राहायचं?

शेवटी नंदनवनला, हेडाऊबाईकडे.
राखाडी सुती पँट, जराशी ढगळ.
वर कॉलरचा कुर्ता, गुडघ्याच्या आधी थांबणारा,
निळा, पण पोलिसांचा नाही, शाळेचाही नाही.
आणि खिसे.
"खिसे कायले? कंबर जाड दिसते बाप्पा."
पाहिजेत. दोन्हीकडे. खोल.
"किती खोल? खिसा शिवू का खोली बांधू?"
मी मूठ मिटून दाखवली.
तिने टेप काढला नाही.
माझी मूठच कापडावर ठेवून
खडूने भोवती रेघ ओढली.

सोमवारी सकाळी टोपलीतला एक कांदा उचलला.
लू लागू नये म्हणून.
पर्समध्ये ठेवून उपयोग नसतो,
अंगाला लागून असावा लागतो.
साडीत मी तो कमरेला खोचायचे
आणि दिवसभर सांभाळायचे,
उठताना, वाकताना, लेजर काढताना.
आज तो नुसता खिशात टाकला
आणि विसरून गेले.

तोंडाला डाकूसारखा दुपट्टा, स्कूटी, मग मेट्रो.
तिसऱ्या मजल्यावर दुपट्टा सोडला,
गालावर त्याच्या चुण्या तशाच.
शलाकाने वरून खाली पाहिलं.
परफेक्ट, मॅम.
मग नजर मांडीपाशी अडली. हे काय?
मी काढून टेबलावर ठेवला.
लॅपटॉपशेजारी, लालसर, एक पापुद्रा सुटलेला.

ती हसेल असं वाटलं होतं.
तिचा हात स्वतःच्या पँटीकडे गेला,
खिसा होता तिथे,
म्हणजे खिशासारखी शिवण होती,
बोटंही आत गेली नाहीत.

दुपारी डबा खाताना विचारलं,
तुमची ती टेलर कुठे बसते?
पत्ता सांगितला.
म्हटलं, माप घेऊन जाऊ नको,
मूठ मिटून जा.

ऊन प्यालेला कांदा खात नाहीत.
घरी येऊन तो फेकला, खिसा उलटा करून झटकला,
पँट धुतली. वास राहिला.
मंगळवारी तोच घेऊन
बजेटच्या मीटिंगला बसले.