खिडकीवालं पाकीट

चौदा वर्षं मी ड्यूनेडिनच्या या दरीत टपाल वाटते.
कुणाचा दिवा किती वाजता लागतो
ते मला कुत्र्यांच्याही आधी कळतं.
जुलैत ऊन इथं साडेदहाला उतरतं,
तेही एकाच बाजूच्या घरांवर.
समोरची माणसं पडदे सारून नुसती बघत बसतात.

चढावर, शाळेच्या वळणाआधी,
फेरियरचं मटणाचं दुकान. सात वर्षं बंद.
पत्रपेटीच्या फटीत गोगलगायी.
त्यांनी जाहिराती खाल्ल्या, नोटिसा खाल्ल्या,
नाताळच्या एका कार्डावरचा अर्धा देवदूत खाल्ला.

मे महिन्यात पाकिटावर नवं नाव आलं :
रोइमाता पराटा.
मग आठ दिवस आतून फरशी घासल्याचा आवाज,
रंगाचे डबे, एक भाऊ, एक शिडी,
आणि कर्ज काढून आणलेलं यंत्र
जे कॉफी देण्याआधी
दमेकऱ्यासारखं खोकून घेतं.

छताचे लोखंडी आकडे तिनं तसेच ठेवले.
काढायचे तीनशे डॉलर सांगितले होते.

उघडलं त्या दिवशी बाबागाड्या अकरा.
मी मोजल्या. मोजणं आता हाडांत मुरलंय.
काचा आतून वाफाळलेल्या,
त्यावर कुणीतरी बोटानं काढलेला घोडा
किंवा मांजर.
सोमवारपासून एकाही मोठ्या माणसाशी न बोललेली
वरच्या गल्लीतली इंगर
कॉफी मागता मागता रडली,
मग म्हणाली, मोठा कप.

लागीच्या धाकट्यानं वर बोट केलं :
हे कशाला?
दप्तरं अडकवायला, रोइमाता म्हणाली.
कोपऱ्यात मांडीवर टोपी घेऊन बसलेला
म्हातारा फेरियर खाकरला.
"मेंढ्या. पाय वर, डोकं खाली."

आयांचे चमचे कपातच थांबले.
पोरं मात्र अशी खुलली
की विचारू नका.
आता रोज तीनला तो येतो,
टोकाला वाक असलेली त्याची जुनी काठी घेऊन,
आणि एकेक दप्तर वर चढवतो.
उलटंच. पोरांचा तसा हट्ट असतो.
पेन्सिली पडतात, डब्यातली द्राक्षं पडतात,
आणि त्याला पुन्हा कुणीतरी नावानं हाक मारतं.

दुकान भरलेलं असतं.
गल्ला नसतो.
एका स्कोनचे चार तुकडे,
पोरांना फेसाळ दूध फुकट,
एका कपावर दोन तास, वर लंगोट बदलायला तिचंच टेबल.
कुणाच्या मनात वाईट नाही.
घरी बाळ असलं की पैसे कुठं जातात
ते मलाही माहीत आहे, मी दोन वाढवली.

पाकिटं मी न उघडता ओळखते.
हातानं पत्ता लिहिलेलं जरा अलगद धरावंसं वाटतं.
बँकेच्या पाकिटाला एक खिडकी असते,
आतून फक्त नाव बाहेर बघतं.
ऑगस्टमध्ये तसलं तिसरं आलं.
मी ते बियाणांच्या कॅटलॉगखाली सरकवलं.
नियमात बसत नाही, पण क्रम लावणं माझ्या हातात असतं.

तिनं सरकवताना पाहिलं.
काही बोलली नाही. यंत्र खोकलं.
"तुझ्यासाठी करू?"
म्हटलं, माझा थर्मास आहे सायकलला.
चौदा वर्षं आहे.
"हो, दिसतो," ती म्हणाली,
आणि फडकं घेऊन काचेवरचा घोडा
पुसायचा की नाही, बघत उभी राहिली.

आज गुरुवार. दव गोठलंय, ब्रेक कुरकुरतात.
थर्मास घरी ओट्यावर आहे.
विसरले नाही.
दोन-दोन डॉलरची तीन नाणी कोटाच्या खिशात,
चढभर वाजताहेत.