थर्नबी, सप्टेंबर

नॉरीनचा फोन स्पेनहून.
तिकडे ऊन इतकं, की दुपारी पडदे ओढून बसावं लागतं.
"आणि तू पुन्हा त्या थर्नबीला?
अगं, तिथे आता आहे काय?"

काय आहे.
गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर मी,
आणि हातात जाळीचा दांडा घेतलेला एक मुलगा, त्याच्या बापामागे.
चारांतल्या तीन फलाटांवर गवत.
हे चार फलाट आमच्यासाठी बांधले होते, नॉरीन,
गिरणीच्या त्या एका आठवड्यासाठी,
जेव्हा भोंगा गप्प व्हायचा, चिमणीचा धूर थांबायचा
आणि अख्खी गल्ली उचलून समुद्राकाठी ठेवली जायची.
शेजारी तेच, भांडणं तीच,
फक्त मधली भिंत गेलेली.
बाबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे,
पाय पिठासारखे पांढरे.
भुवयांतला कापूस
बुधवारपर्यंत निघायचा नाही त्यांच्या.

मिसेस ऑर्मरॉडच्या खानावळीत
मीठ-मिरीच्या डब्यांचे पैसे वेगळे.
सकाळी दहाला ती सगळ्यांना बाहेर काढायची,
पाचपर्यंत दार बंद, पाऊस असो नसो.
पाऊस असायचाच.
मग काचेच्या आडोशात आम्ही ओळीनं बसायचो,
ओल्या कोटांचा वास, थर्मासमधला चहा,
आणि समोर समुद्र नाहीच.
ओहोटीला तो इतका आत जायचा
की आई म्हणायची,
"आपण आल्याचं कळलं वाटतं त्याला."

खानावळीत आता खोल्या पाडल्यात. दारावर आठ घंट्या, तीन नावं.
नाचघराचं आधी बिंगो झालं, मग गालिच्यांचं दुकान, मग आग.
लाकडी धक्का वादळानं अर्धा नेला,
पाटी मात्र जुनीच: टोकापर्यंत चालत सहा मिनिटं.
मी दोन मिनिटांत पोचते.
या वयात बरं वाटतं तेवढंच.

चिप्सच्या दुकानात टीगन आहे,
गाढवंवाल्या एझ्राची नात.
आठवतात? डचेस, पर्सी, आणि तो चावरा सुलतान.
तुझ्या दंडावर त्याची खूण असेल अजून,
स्पेनच्या उन्हातही रापत नसेल.
टीगन ऑक्टोबरात लीड्सला जाणार कामाला.
"इथे काय ठेवलंय," म्हणाली, अगदी तुझ्यासारखीच,
व्हिनेगर शिंपडता शिंपडता.
मग हात थांबला तिचा.
"पण तो आवाज नसताना मी कधी झोपलेच नाही."
कसला, विचारलं.
तिनं चिमट्यानं बाहेर दाखवलं:
झेंडा नसलेला खांब,
आणि त्यावर वाऱ्यानं आपटणारी दोरी.
टण. टण्. टण.
इतकी वर्षं मी ते ऐकत होते
आणि मला वाटायचं,
ते माझ्याच कानात वाजतंय.

नॉरीन, फोनवर तुला उत्तर दिलं नाही
कारण ते आलं नाही मला. आताही येत नाही.
संध्याकाळी धक्क्याच्या तुटक्या टोकाशी गेले.
ती दुर्बीण आहे अजून, लोखंडी, हिरवी,
जिच्यासाठी आपण बाबांच्या खिशाभोवती घोटाळायचो.
वीस पेन्सचं नाणं टाकलं.
आतलं झाकण काही उघडलं नाही.
टिकटिक तेवढी सुरू झाली.

मी डोळा लावून तशीच उभी राहिले.
आत मिट्ट काळोख, गार पितळ पापणीला,
आणि कुठेतरी खूप आत
समुद्र परत यायला निघालेला.
पैसे भरले होते ना.
आपण गिरणीची माणसं,
भरल्या पैशाचं टाकून येत नाही.

कोटाला कुणीतरी ओढलं.
तो जाळीवाला मुलगा. बादलीत एकच खेकडा, तोही लंगडा.
"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"थांब," म्हटलं,
"माझी वेळ संपली नाही अजून."