शिम

पहाटेचे पावणेतीन. उद्यमनगरात
मुजावरांच्या शेडमधली एकच ट्यूब चालू,
तिच्याखाली ते जुनं धूड,
अडुसष्ट हजाराच्या घराण्यातला प्रोसेसर,
गिअर कापायच्या मशीनचा मेंदू,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

कंपायलर त्रेसष्टाव्या फाइलपर्यंत नीट येतो.
मग मरतो.
जाताना एक ओळ ठेवतो : अंतर्गत चूक, कृपया कळवा.
कुणाला कळवू?
ज्यांनी ह्याला जन्माला घातलं त्यांनी
रेशनकार्डावरनं त्याचं नाव कधीच कमी केलंय.

माझ्या लॅपटॉपवर हाच कोड गुमान चालतो.
इथं एकदा पडला की
पुन्हा त्रेसष्टपर्यंत यायला चार तास.
तेवढ्यात मी शंभर पानी वहीत हेक्सचे आकडे उतरवले,
दिलावरचाचांच्या डब्यातली गार भाकरी
खर्डा लावून खाल्ली,
तिखट बोट पुसून एकेका पत्त्यावर ठेवलं,
नवा पोस्टमन वाचतो तसं :
घर, गल्ली, पेठ.

एक पत्ता खोटा निघाला.
दोन घरं अलीकडचा. दोनच.

कुणीतरी, कुठल्याशा ऐसपैस यंत्रावर बसून
धरून चालला होता की प्रत्येक पत्त्याला चारानं भाग जातो,
म्हणजे शेवटच्या दोन जागा कायम शून्य;
मोकळ्याच आहेत तर आपली खूण ठेवू तिथं,
काम झालं की पुसू.
काटकसरी माणूस असणार. मीही हेच केलं असतं.
पण हा म्हातारा दोनदोननं मोजतो.
त्याच्याकडं त्या जागेत कुणीतरी राहत होतं.
खूण पुसली, तसं तेही पुसलं गेलं.

मी खुर्चीतनंच ओरडले.
चाचा लेथ बंद करून आले, कोपरापर्यंत तेल.
'घावलं व्हय?'
मी सांगत सुटले, सीमा, बाइट, गृहीतक.
त्यांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही.
माघारी फिरले, टूल सैल केलं,
मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा खाली सारला,
बोल्ट आवळला.
'सेंटरला वाईच कमी पडत हुतं.
टूल चांगलंच हाय.'

मग मी एक ओळ लिहिली :
इथं चाराची सीमा पाळ.
म्हणजे मध्ये दोन बाइट,
ज्यांत काही नाही
आणि कुणी काही ठेवायचं नाही.

पुन्हा एकपासून.
शिरोलीची पहिली शिफ्ट दुचाक्यांवरनं गेली,
कुणाच्या तरी डब्यातला चमचा वाजत गेला.
सातला त्रेसष्ट.
चाचा चहा घेऊन मागं उभे,
कपावर साय धरली तरी देत नाहीत.

चौसष्ट.

पासष्टला पडला.
वेगळी ओळ, वेगळा पत्ता.
'परत?' चाचा म्हणाले.
'नाही चाचा, हे नवीन आहे,' मी म्हणाले,
आणि हसत हसत वहीचं पान उलटलं.