हलकं खोकं

पोर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्यावरून
सकाळी सातला एव्हारिस्तोची होडी सुटते बेटाकडे.
तिथे माणसं पिंजऱ्यात बसून डबा खातात.
माकडं मोकळी.

इराइदा आता होडीत चढत नाही,
गुडघे ऐकत नाहीत.
ती अलीकडच्या काठावर, पंखा नसलेल्या खोलीत
हाडं धुते, वाळवते, आकडे घालते.

आजच्या खोक्यावर चिठ्ठी होती:
चार-के-सात, मादी, वय तेवीस.
चिठ्ठी वाचण्याआधीच हातांना कळलं,
खोकं हलकं आहे.

सहा वर्षांच्या नराची मांडी ओट्यावर ठेवली
तर टक्क वाजते.
हिची वाजली वाळल्या शेंगेसारखी.
जिथे मोडली होती तिथून आत दिसत होतं:
घोसाळं वेलावरच वाळून जावं
आणि जाळी तेवढी उरावी, तसं.

यंत्रावर बसणारा यादिएल सांगतो,
दहाव्या वर्षापर्यंत चढण, मग पठार,
मग उतार, मादीचा जरा जास्तच.
बोटाने हवेत काढून दाखवतो.
पोरगा चांगला आहे. चोवीस वर्षांचा.
पठारावर अजून पोचायचाय.

अकरा पिल्लं झाली हिला.
दर खेपेला दुधासाठी हाडांतून उसनं काढलं,
पिल्लू तुटलं की गुपचूप फेडलं.
मग एका वर्षी फेडलं नाही.
कोणी मागायलाही आलं नाही.

ग्वायाबा म्हणायची तिला इराइदा, म्हणजे पेरू,
कारण पहिल्याच दिवशी पिशवीतला पेरू पळवला होता
आणि झाडावर बसून, तिच्याकडे बघत बघत,
बियांसकट खाल्ला होता.
हाडाची चोर.

(दवाखान्यातून आलेलं इराइदाचं पाकीट
पर्समध्ये आहे, मंगळवारपासून.
तेही फारसं जड नाही.)

डाव्या हाताचं हाड ब्रशखाली आलं
आणि अंगठा थांबला.
मधोमध एक गाठ. जुनी, गुळगुळीत,
स्वतःच सांधून घेतलेली, किंचित वाकडी.

ती उठली. कपाटातून वादळाच्या वर्षीची वही काढली,
पानं मिठाने फुगलेली.
तिचंच अक्षर, पेन्सिलीतलं:
'४-के-७ डावा हात टेकत नाही. पडली असावी.'
आणि शेजारी, तेव्हाच्या साहेबांचं,
होडीतून कधी न उतरलेल्या साहेबांचं,
भलं मोठं प्रश्नचिन्ह.

चौदा वर्षं.

खोडरबर सापडेना.
तिने बोटाला थुंकी लावली आणि घासलं.
आकडा गेला, खालचं टिंब राहिलं.
असू दे, म्हणाली,
वाक्य संपायला तेवढं पुरे.

मग शेपटीचे मणके
लहानापासून मोठ्याकडे मांडायला घेतले.
दोनदा मोजले.
एक कमी भरत होता.
ती वाकून ओट्याखाली शोधू लागली,
एक हात गुडघ्यावर ठेवून.