खोडरबर

बटण दाबून मी कुकर लावायचे.
तिसरी शिट्टी व्हायची,
तरी पडद्यावर ते कडं गरगरतंच.
पत्रिकेची फाईल तर नेमकी
नवरीच्या आडनावापाशी अडायची.

"नवाच घ्या मॅडम," परभणीतल्या शोरूमचा पोरगा म्हणाला.
बेचाळीस हजार.
मी छत्री उघडून उन्हात आले.

स्टेशनजवळच्या बोळात नईमभाईचं दुकान,
शटर अर्ध्यावरच अडकलेलं, वाकून जावं लागतं.
"नया कायकू? जान है इसमें."
पाठ खोलली. अकरा स्क्रू चहाच्या बशीत.
आत धूळ, आणि माझाच एक लांब केस.

मग कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपातून
त्यानं चार जीबीची पट्टी उपसली,
आणि शाळेतल्या खोडरबरानं
तिचे सोनेरी दात घासत बसला.

"भाई, आधीच्या मालकाचं काही राहिलं असंल का हिच्यात?"
"इसको कुछ याद नई रहता.
लाइट गई, के सब साफ."

आणि मेमरी म्हणतात हिला.

सहाशे सांगितले, साडेचारशेला दिली.
बशीत शेवटी एक स्क्रू उरलाच.
"चलता," म्हणाला.

आता पहिल्या शिट्टीआधी मशीन हजर.
बोर्डीकरांची पत्रिका, चारशे प्रती,
नवरीच्या आडनावासकट एका दमात.

बॅटरी मेलेलीच आहे. तिचं पुढच्या लग्नसराईत बघू.
सेलूत दुपारी लाइट जाते,
पडदा मिटतो, पट्टी सगळं विसरते.

दर दोन ओळींनी सेव्ह दाबायचं
तेवढं मी लक्षात ठेवते.